सहा कॅमेरे, तीन सह्या, सहा महिने: स्कोमेट परवानगीचा अनुभव

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, अकरा माणसांचं. आम्ही कारखान्यांसाठी थर्मल कॅमेरे बनवतो. भट्टीचं अस्तर कुठे झिजलंय, ट्रान्सफॉर्मरचा कुठला जोड तापलाय, कोळशाच्या बेल्टवर कुठे धग धरलीय, हे माणसाच्या डोळ्याला दिसायच्या आधी या कॅमेऱ्यात दिसतं. सेन्सर युरोपातून येतो. लेन्सची जोडणी, इलेक्ट्रॉनिक्स, कॅलिब्रेशन, सॉफ्टवेअर आणि बाहेरचा डबा आमचा. देशात आम्ही सात वर्षं विकतोय. परदेशी माल पाठवायची वेळ पहिल्यांदा आली ती २०२४ मध्ये, आणि त्या एका ऑर्डरीसाठी सरकारची स्कोमेट नावाची निर्यात परवानगी काढण्यात सहा महिने गेले. त्या काळात मी मराठीत सलग लिहिलेलं काहीतरी शोधत होते, ते मिळालं नाही. म्हणून हे लिहितेय. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज करण्याआधी पोर्टलवरचा ताजा मजकूर वाचाच.

खरं तर पहिली चौकशी नोव्हेंबर २०२३ मध्येच आली होती. परदेशातल्या एका व्यापाऱ्याची मेल होती: साठ कॅमेरे हवेत, बाहेरचा डबा नको, नुसता आतला कॅमेरा आणि लेन्स द्या, वेग सेकंदाला ३० चित्रांचा हवा. वापर कशासाठी, तर ‘मार्केटिंग’. आमची तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर चौदा कॅमेऱ्यांची होती. साठ हा आकडा बघून आम्ही दोघं भागीदार खूश झालो आणि त्याच संध्याकाळी कोटेशन पाठवलं. पुढे त्याचं उत्तर आलं नाही. आम्हीही विसरून गेलो.

दुसरी चौकशी १८ जानेवारी २०२४ ची. शारजामधली एक इंटिग्रेटर कंपनी, म्हणजे वेगवेगळी उपकरणं जोडून पूर्ण यंत्रणा बसवून देणारी, ओमानमधल्या एका रोलिंग मिलचं, म्हणजे लोखंडी सळया लाटणाऱ्या कारखान्याचं, काम करत होती. लालभडक सळई रोलमधून धावत असताना तिचा एखादा तुकडा थंड पडला, तर पुढच्या स्टँडमध्ये, म्हणजे रोलच्या पुढच्या जोडीत, कॉबल होतो. सळई बाहेर उसळून गुंडाळली जाते, लाइन बंद पडते, कधी माणूस भाजतो. तो थंड तुकडा आधीच ओळखायला सहा कॅमेरे हवे होते. तिथला प्रकल्प बघणारा अभियंता मूळचा सांगलीकडचा, त्यामुळे दोन फोनमध्येच बोलणं मराठीवर आलं. ५ फेब्रुवारीला पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, हातात पडली. ३३ लाखांचं काम, २० टक्के आगाऊ, माल दहा आठवड्यांत.

दोन दिवसांनी मी आमच्या सीएचएला, म्हणजे सीमाशुल्काचं काम बघणाऱ्या एजंटला, फोन केला. मुंबईत सहार कार्गोला त्यांचं ऑफिस आहे. शिपिंग बिलाची, म्हणजे सीमाशुल्काकडे द्यायच्या निर्यातीच्या कागदाची, माहिती देत होते, तर ते मधेच थांबून म्हणाले, “मॅडम, थर्मल कॅमेरा ना? मग हे स्कोमेटमध्ये येतं का, ते आधी बघा. बघितल्याशिवाय मी फाइल घेणार नाही.”

तो शब्द मी ऐकला होता, पण आपला त्याच्याशी संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं. बॉम्ब, क्षेपणास्त्रं, अणुभट्ट्या करणाऱ्यांसाठी काहीतरी असेल, एवढीच माझी समजूत. स्कोमेट म्हणजे स्पेशल केमिकल्स, ऑर्गॅनिझम्स, मटेरियल्स, इक्विपमेंट अँड टेक्नॉलॉजीज. लष्करी किंवा दुहेरी उपयोगाच्या, म्हणजे कारखान्यातही चालणाऱ्या आणि शस्त्रातही बसणाऱ्या, वस्तूंची ही भारत सरकारची यादी. तिच्यातलं काहीही देशाबाहेर पाठवायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. मागे १९९२ चा विदेश व्यापार कायदा आहे, ज्यात २०१० मध्ये या विषयाचं स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं, आणि २००५ चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांबाबतचा कायदा आहे. उल्लंघनाचा दंड लाखांत जातो आणि गुन्हा पुन्हा घडला तर तुरुंगवास आहे. हे वाचल्यावर पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. नोव्हेंबरमध्ये पाठवलेलं ते कोटेशन आठवत होतं.

यादीचे शून्यापासून आठपर्यंत वर्ग आहेत. शून्य वर्ग अणुऊर्जेचा, त्याची परवानगी अणुऊर्जा विभाग देतो. सहावा वर्ग निव्वळ लष्करी सामानाचा, तो संरक्षण उत्पादन विभागाकडे. सातवा राखीव. बाकीच्यांसाठी विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे आपलं डीजीएफटी. आमच्यासारख्यांची गाठ बहुतेक वेळा आठव्या वर्गाशी पडते. तो २०१७ मध्ये भरला गेला. भारताला वासेनार व्यवस्थेत, म्हणजे शस्त्रं आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात, जायचं होतं आणि तिथल्या यादीशी आपली यादी जुळवायची होती. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनारचा ४२ वा सदस्य झाला. याच वर्गाच्या सहाव्या भागात सेन्सर आणि लेझर येतात, आणि त्यात कॅमेरे.

ते पान मी आणि माझ्या भागीदारानं नऊ दिवस वाचलं. भाषा अशी की एक ओळ समजायला आधीच्या तीन नोंदी उघडाव्या लागतात: हा कॅमेरा लागू, जर त्यात अमुक प्रकारचा सेन्सर असेल, तो सेन्सर बघायचा तर दुसरीकडे, तिथे तरंगलांबी, मग खाली टीप, टिपेला अपवाद. त्या अपवादात आम्हाला एक आकडा सापडला. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला ९ चित्रं किंवा त्याहून कमी असेल, तर तो या नोंदीतून सुटतो. आणखीही एक सवलत होती, पण ती कमी बारकाव्याच्या, न निघणारी लेन्स असलेल्या कॅमेऱ्यांसाठी. आमची लेन्स फिरवून काढता येते. आमचा वेग ३०.

९ च का, हे माझ्या भागीदारानं फळ्यावर काढून दाखवलं. मिलमधली सळई सेकंदाला १५ मीटर धावते. कॅमेऱ्याच्या चौकटीत तिचा साधारण १ मीटर भाग दिसतो. सेकंदाला ९ चित्रं घेतली तर दोन चित्रांच्या मधे सळई दीड मीटरहून जास्त पुढे गेलेली असते, म्हणजे मधला तुकडा कॅमेरा बघतच नाही. ३० चित्रं घेतली तर ती अर्धाच मीटर सरकते आणि काहीही सुटत नाही. मग त्यानं सळई पुसून तिथे एक पळणारा माणूस काढला. ९ चित्रांमध्ये तो अडखळत, तुटक दिसतो. त्याच्यावर नेम धरून राहणं अवघड. ३० मध्ये तो सलग दिसतो, अंधारात, हलक्या धुक्यात, विरळ झाडीमागेसुद्धा. आमच्या डब्यात जो सेन्सर बसतो, त्याच जातीचे सेन्सर बंदुकीवर लावायच्या दुर्बिणींत असतात. सात वर्षं रोज हातात घेतलेल्या वस्तूकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा वेगळ्या नजरेनं बघितलं.

या टप्प्यावर एका ओळखीच्या निर्यातदारानं सल्ला दिला. “कॅमेरे ९ वर लॉक करून पाठवा. माल पोचला की पासवर्ड मेल करा, तिकडे ३० होईल.” हे स्पष्टच सांगते, असं करू नका. लॉक काढायची किल्ली पाठवणं ही त्या कॅमेऱ्याची क्षमता पाठवणंच आहे, आणि सॉफ्टवेअर व तंत्रज्ञान दोन्ही याच यादीत आहेत. मेल, क्लाउडवरचं फोल्डर, पेन ड्राइव्ह, फोनवर समजावून सांगणं, यातल्या कुठल्याही वाटेनं नियंत्रित तंत्रज्ञान बाहेर गेलं तर ती निर्यातच. आम्ही स्वतः इथे थोडक्यात वाचलो. शारजाच्या अभियंत्यानं जोडणी सोपी जावी म्हणून कॅलिब्रेशनची मूळ फाइल आणि आतल्या बोर्डाचं ड्रॉइंग मागितलं होतं, आणि आमच्या डिझाइनच्या मुलानं ते मेलला जोडूनही ठेवलं होतं. नशिबानं मी त्या मेलवर होते. त्याला सांगितलं, जाहीर केलेलं माहितीपत्रक पाठव, बाहेरच्या मापांचं ड्रॉइंग पाठव, बाकी काही नाही. नमुन्याचा एक कॅमेरा केबिन बॅगेत घालून दुबईच्या प्रदर्शनाला न्यायचा बेतही तिथेच रद्द केला. बॅगेतून नेलेला कॅमेराही निर्यातच असतो.

एका सल्लागारानं सगळं करून द्यायचे ७५,००० रुपये सांगितले. ते आम्हाला जड होते, आणि खरं कारण असं की आपल्या मालाचं वर्गीकरण आपल्यालाच कळायला हवं असं वाटलं. डीजीएफटीनं २०२४ च्या सुरुवातीलाच या विषयावर एक हस्तपुस्तिका काढली होती. ती छापून घेतली, स्पायरल बाइंडिंग करून टेबलावर ठेवली. एका उद्योग संघटनेच्या दिवसभराच्या कार्यक्रमालाही जाऊन आले, शुल्क १,५०० रुपये. तिथे जेवणाच्या रांगेत भेटलेल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या काकांनी मला सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “पोरी, फॉर्म भरायला दोन दिवस लागतात. माल शेवटी कुणाच्या हातात जाणार, हे सिद्ध करायला दोन महिने.”

तसंच झालं.

अर्जासोबत एंड यूज सर्टिफिकेट लागतं. सगळे त्याला ईयूसी म्हणतात. नमुना ठरलेला आहे आणि तो कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत माणसाच्या सहीशिक्क्यानिशी द्यायचा. त्यात वस्तू, संख्या, पीओ क्रमांक, नेमका वापर कुठे आणि कशासाठी हे येतं. पुढे हमी असते: हा माल संहारक शस्त्रांसाठी किंवा ती डागायच्या साधनांसाठी वापरणार नाही, त्यात फेरफार करणार नाही, भारत सरकारच्या संमतीशिवाय तिसऱ्याला देणार किंवा पुन्हा निर्यात करणार नाही, आणि गरज पडली तर प्रत्यक्ष जागेवर तपासणी करू देऊ. आमच्या बाबतीत विकत घेणारी शारजाची कंपनी, माल सोडवून घेणारी ओमानमधली तिची भागीदार कंपनी आणि वापरणारी रोलिंग मिल असे तीन पक्ष होते. म्हणजे तीन सह्या.

शारजाची सही चार दिवसांत आली. ओमानच्या भागीदाराची बारा दिवसांत. मिलची यायला पाच आठवडे लागले. तिथल्या खरेदी विभागाला कळेना की सहा कॅमेऱ्यांसाठी भारत सरकारला हमी कशाला द्यायची. त्यांच्या कायदा विभागानं तपासणीच्या वाक्यावर काट मारून पाठवलं. मी ते परत पाठवलं. सांगलीकर अभियंता बिचारा मधल्या मधे अडकला होता. एकदा वैतागून म्हणाला, “ताई, कॅमेरे आहेत हो, तोफा नाहीत.” मी त्याला फळ्यावरच्या त्या दोन चित्रांचा फोटो पाठवला, सळईचा आणि पळणाऱ्या माणसाचा. दुसऱ्या दिवशी तो स्वतः गाडी घेऊन मिलमध्ये गेला, प्लांटच्या व्यवस्थापकासमोर बसला आणि २७ मार्चला सही घेऊन आला.

तेवढ्या काळात दुसरी एक बाजू पुरी करावी लागली, जिचा मी विचारच केला नव्हता. आमचा सेन्सर युरोपातून येतो आणि तो घेताना आम्हीही अशाच कागदावर सही केलेली असते. दर वर्षी पुरवठादाराचा फॉर्म येतो, मी वाचून न वाचल्यासारखं करून सही करते आणि स्कॅन पाठवते. या वेळी जुनी फाइल काढली. त्यात लिहिलं होतं की संमतीशिवाय हा सेन्सर पुढच्या देशात जाऊ देणार नाही. म्हणजे मिलवाल्यांना मी जे समजावत होते, ते मी स्वतः सात वर्षं सही करत आले होते. पुरवठादाराला सगळी माहिती दिली: देश, तिन्ही पक्ष, कॅमेऱ्याचं मॉडेल. त्यांचं संमतीपत्र यायला तीन आठवडे लागले. तुमच्या मालात परदेशी सुटा भाग असेल तर हे पहिल्याच आठवड्यात सुरू करा, दोन्ही कामं समांतर चालतात.

मार्चच्या मध्यावर नोव्हेंबरच्या त्या व्यापाऱ्याची मेल पुन्हा आली. आता त्याची घाई होती. कोटेशनमधली किंमत मान्य, घासाघीस नाही, शंभर टक्के पैसे आगाऊ. माल एका फ्रेट फॉरवर्डरच्या, म्हणजे मालवाहतूक करून देणाऱ्या मध्यस्थाच्या, गोदामाच्या पत्त्यावर पाठवा. मी उत्तरात तीनच गोष्टी विचारल्या: शेवटी वापरणारा कोण, कुठल्या जागी, कशासाठी. त्यानं लिहिलं की ग्राहकाचं नाव गुप्त आहे, आणि हवं तर पावतीवर ‘सीसीटीव्हीचे सुटे भाग’ लिहा. ती मेल मी भागीदाराला मोठ्यानं वाचून दाखवली. साठ कॅमेरे म्हणजे आमच्या वर्षभराच्या उलाढालीच्या जवळपास. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “नाही लिहून टाक.” आम्ही नाही म्हणून कळवलं आणि सगळा पत्रव्यवहार छापून वेगळ्या फाइलला लावला. हस्तपुस्तिकेत धोक्याच्या खुणा म्हणून जे दिलं आहे, ते यात जवळजवळ सगळं होतं. वस्तू यादीत नसली तरी तिचा वापर संहारक शस्त्रांसाठी होणार आहे हे आपल्याला माहीत असेल किंवा तसं कळवलं गेलं असेल, तर तिलाही परवानगी लागते, हेसुद्धा मला याच काळात कळलं.

२ एप्रिलला अर्ज भरला. सगळं ऑनलाइन, डीजीएफटीच्या पोर्टलवर. अर्ज पुण्याच्या कार्यालयात जात नाही, दिल्लीत वाणिज्य भवनात मुख्यालयाकडे जातो. डिजिटल सही लागते. आमची संपलेली होती, नवीन घ्यायला २,२०० रुपये आणि दोन दिवस. पीओ, तिन्ही ईयूसी, तिन्ही कंपन्यांची माहिती, कॅमेऱ्याचा तांत्रिक तपशील, पुरवठादाराचं संमतीपत्र, आणि आम्ही आपण होऊन लिहिलेलं दोन पानी टिपण: हा कॅमेरा यादीच्या कुठल्या नोंदीत बसतो आणि का, अपवादात का बसत नाही. हे टिपण पुढे फार उपयोगी पडलं. ‘सबमिट’ दाबताना हात थरथरत होता हे खरं आहे.

१६ एप्रिलला त्रुटीपत्र आलं. वाचून पोटात गोळा आला, पण आता सांगते, त्रुटीपत्र म्हणजे नकार नव्हे. दोन मुद्दे होते. एक, मिलच्या ईयूसीत वापर ‘औद्योगिक कामासाठी’ एवढाच होता, नेमका लिहा. दोन, पत्ता फक्त पीओ बॉक्स, म्हणजे टपालपेटीचा क्रमांक, होता. माल प्रत्यक्ष कुठे बसणार ते सांगा. मी शारजाच्या अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, इकडे पत्ता म्हणजे पीओ बॉक्सच असतो. टपाल घरी येतच नाही.” त्याचंही बरोबर होतं आणि विचारणाऱ्यांचंही. पीओ बॉक्समध्ये कॅमेरा बसवता येत नाही. शेवटी औद्योगिक वसाहतीतला भूखंड क्रमांक, अक्षांश-रेखांश, मिलच्या आराखड्यावर सहा जागांच्या खुणा आणि ‘सळईच्या गरम रोलिंग लाइनवर तापमान बघण्यासाठी, स्टँड अमुक ते अमुक’ असं वाक्य, हे सगळं नव्या ईयूसीत घेतलं. २९ एप्रिलला उत्तर चढवलं. आखाती देशांत माल पाठवणाऱ्यांनी हे पहिल्याच फेरीत करावं, आमचे जवळपास दोन आठवडे वाचले असते.

मग वाट बघणं.

असे अर्ज आंतरमंत्रालयीन कार्यगटापुढे जातात. त्यात वाणिज्य मंत्रालयासोबत परराष्ट्र मंत्रालय, संरक्षण उत्पादन विभाग, डीआरडीओ, अणुऊर्जा विभाग, इस्रो, सीमाशुल्क अशा ठिकाणचे लोक असतात. बैठक साधारण महिन्यातून एकदा. तुमचे कागद एका बैठकीला पुरे झाले नाहीत, तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं. आमचं तेच झालं. मे महिना असाच गेला. रोज सकाळी चहा घेताना पोर्टल उघडायचं, स्थिती तीच. शारजाहून दर सोमवारी फोन. एकदा त्यांनी उशिराच्या दंडाचं कलम दाखवलं आणि मला रडू कोसळलं, कारण पीओत मीच दहा आठवडे मान्य केले होते. त्यांनी दंड लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून आमच्या प्रत्येक परदेशी कोटेशनमध्ये एक वाक्य असतं: मालाची मुदत सरकारी परवानगी मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाईल, आणि परवानगी नाकारली गेली तर आगाऊ रक्कम परत, दोन्ही बाजूंना दंड नाही.

वाट बघताना एक गोष्ट विसरू नका. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. राहून गेला तर कोड बंद पडतो. अर्ज समितीपुढे असताना कोड बंद पडला असता तर काय झालं असतं, हा विचारही नको. आमच्या अकाउंट बघणाऱ्या ताईंनी मे महिन्यात आठवण केली म्हणून वाचलो.

जूनमध्ये तांत्रिक प्रश्न आले. ते वाचून मला खरं बरं वाटलं, कारण विचारणाऱ्याला कॅमेरा कळत होता. लेन्स काढून दुसरी लांब पल्ल्याची बसवता येते का? धक्का सहन करायची चाचणी कुठल्या पातळीपर्यंत केली आहे? बॅटरीवर चालतो का? वेग आणि इतर मर्यादा वापरणाऱ्याला बदलता येतात का? मिल बंद झाली किंवा विकली गेली तर कॅमेऱ्यांचं काय? शेवटच्या प्रश्नावर आम्ही चार दिवस विचार केला. कॅमेऱ्याला पाण्यानं थंड होणारं जाड पोलादी आवरण आहे, तो भिंतीवरच्या विजेवर चालतो, वजन आवरणासकट २१ किलो. ही बाजू फोटोंसह मांडली. लेन्स बदलता येते, हे लपवलं नाही. मिलकडून एक जोडपत्र घेतलं की कॅमेरे जागेवरून हलवायचे झाले तर आधी आम्हाला कळवतील आणि आम्ही सरकारला. जिथे उत्तर आपल्या सोयीचं नाही तिथेही ते सरळ द्यावं, असं माझं मत आहे. समोर जाणकार बसलेले असतात आणि त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

१ ऑगस्टला, गुरुवारी, दुपारी साडेतीनला पोर्टलवर परवानगी दिसली. २४ महिन्यांची मुदत, सहा नग, तिन्ही पक्षांची नावं, अटी. मी ती छापली, खाली उतरले आणि असेंब्लीच्या टेबलावर ठेवली. सगळे गोळा झाले. कुणी काही बोललं नाही, मग आमच्या सर्वांत जुन्या फिटरनं हात पुसून ते पान उचललं आणि शेवटपर्यंत वाचलं.

पुढचं भराभर झालं, पण दोन जागी जपावं लागलं. परवानगीतलं वर्णन, पावतीतलं वर्णन, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल यांत शब्दाचाही फरक नको. आमच्या पावतीवर मॉडेलच्या नावात एक आडवी रेघ जास्त पडली होती. सीएचएनं ती पकडली आणि पुन्हा छापून घेतली. शिपिंग बिलात स्कोमेटची नोंद आणि परवानगीचा क्रमांक टाकावा लागतो. दुसरं, पॅकिंगच्या वेळी सहाही अनुक्रमांकांचे फोटो तारखेसह काढून ठेवले. २० ऑगस्टला माल सहारहून निघाला, २७ ला मिलमध्ये पोचला. ओमानच्या सीमाशुल्काच्या नोंदीची प्रत आणि जागेवर बसवलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो आम्ही मागून घेतले. सगळे कागद पाच वर्षं जपून ठेवायचे असतात.

खर्च विचाराल तर सल्लागार न घेता कुरिअर, डिजिटल सही, नोटरी, कार्यक्रम, छपाई आणि दोन मुंबई फेऱ्या धरून सगळे मिळून १९,००० च्या आसपास गेले, आणि माझे स्वतःचे दोन महिने तरी पूर्ण यात गेले. खरा ताण अडकलेल्या भांडवलाचा होता. सहा सेन्सर आणून ठेवले होते, त्यांचे पैसे फेब्रुवारीत गेले आणि उरलेली रक्कम सप्टेंबरात आली. छोट्या युनिटनं बँकेशी हे आधीच बोलून ठेवावं.

यानंतर आम्ही घरातल्या घरात एक नियम केला. परदेशी चौकशी आली की किमतीच्या आधी चार प्रश्नांचा कागद जातो: वापरणारा कोण, जागा कुठे, काम कुठलं, मधे कोण कोण. उत्तर पुरतं येईपर्यंत कोटेशन नाही. कुठलं ड्रॉइंग कुणाला पाठवायचं याची वही डिझाइनच्या त्याच मुलाकडे दिली आहे, आणि तो आता माझ्यापेक्षा कडक आहे. दुरुस्तीला परत आलेला कॅमेरा पुन्हा बाहेर पाठवणं हीही निर्यातच, हे त्यानंच शोधून मला दाखवलं.

मिलनं आणखी चार कॅमेरे मागवले आहेत, दुसऱ्या लाइनसाठी. तोच माल आणि तेच तिन्ही पक्ष असले की रिपीट ऑर्डर म्हणून अर्ज करता येतो आणि पुन्हा सगळ्या कार्यगटापुढे न जाता त्याचा विचार होऊ शकतो. या वेळी मिलची सही सहा दिवसांत आली. ईयूसीत भूखंड क्रमांक त्यांनी न मागता घातला होता.